दोनदा ठोका

किल्ली माझ्याकडे असते.
पाटीवर लिहिलंय: शेनेरोसा, निळं दार, दोनदा ठोका.
दोनदा, कारण पहिला ठोका मी कोंबड्यांचा समजते.
कुलूप उलट्या बाजूला उघडतं.
बाहेरचा प्रत्येक माणूस आधी चुकतो,
बिशपसुद्धा चुकला होता.

या. पायरी खोल आहे.

ओर्दोन्यो नावाच्या सरदाराने
सील नदीकाठची ही दरड दान दिली,
आत्म्याच्या शांतीसाठी.
कुणाच्या, ते दानपत्रात आहे: भावाच्या.
भावाला कुणी मारलं, ते नाही.
गावात विचारा, गावाला अजून ठाऊक आहे.

मग पांढऱ्या झग्यातले बारा जण आले,
द्राक्षाच्या काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून.
उतार खोदला, ताली घातल्या.
मौन पाळायचे, बोटांनी बोलायचे:
मासा म्हणजे हात असा,
शेपटीसारखा.
माझी मामी मासे मागताना तसाच हात करायची.
कुणी शिकवलं विचारलं तर म्हणायची, शिकवायचं काय त्यात.

पण लगेच संत वगैरे म्हणू नका.
ही त्यांची वही, म्हणजे तिची झेरॉक्स:
पायो, नदीपलीकडचा, चाळीस वाम, एक कोंबडा,
वाइनचा चौथा हिस्सा.
विधवा आल्दारा, वीस वाम.
पुढच्या साली विधवा आल्दारा, वीस वाम, मागील बाकी वीस.
त्याच्या पुढच्या साली आल्दारा नाही.
तिची ओळसुद्धा मोकळी सोडलेली नाही,
तिथे मेणाचा हिशेब आहे.

वर बघा, तिसरा खांब.
डुक्कर बसलंय, पिशवीचा पावा वाजवतंय.
गवंड्याची मजुरी थकली होती म्हणतात.
आता त्या समोरच्या मठाधिपतीचं नाक बघा
आणि परत डुकराचं.
मी काही म्हणत नाही.

अठराशे पस्तीसला सरकारी कागद आला: मठ बंद.
अकरा जण गेले, गाढवांवर पुस्तकं लादून.
बारावा, ब्रदर मामेदे, ठार बहिरा,
त्याला ऐकूच आलं नाही,
किंवा ऐकायचं नव्हतं.
नऊ वर्षं एकटाच घंटा वाजवत राहिला,
न ऐकू येणारी.
जेवू कुणी घातलं? गावानेच.
ज्यांच्या आज्या-पणज्यांचे कोंबडे मठाने खाल्ले, त्यांनीच.
वाढताना हात हलवून विचारायचे: मासा?

तो गेला, आणि दगड न्यायला आम्ही आलो.
खोटं कशाला बोलू.
रात्री नाही, दिवसाढवळ्या, बैलगाड्या जुंपून.
गावातून चक्कर मारा,
एलाडिओच्या गोठ्याच्या चौकटीला देवदूताचा एक पंख आहे,
दुसरा धुण्याच्या घाटावर, साबणाने गुळगुळीत.
घरोघरी मठाच्याच चुली.

आमच्या चुलीतला दगड म्हणजे
फ्रोइलान नावाच्या मठाधिपतीच्या कबरीचं झाकण.
अक्षरं वरच्या अंगाला.
पणजोबाला वाचता येत नव्हतं, नक्षी आवडली.
त्यावर भाजलेल्या प्रत्येक पावाच्या पोटावर
अक्षरं उठायची, उलटी.
आम्ही भावंडं क्रूसाच्या तुकड्यावरून मारामारी करायचो,
भक्ती कसली,
तो जास्त करपायचा, खमंग लागायचा.

गेल्या वर्षी विद्यापीठातली मुलगी आली, उशिया नावाची.
दगड संग्रहालयाला द्या म्हणाली. नीट बोलली.
मी म्हटलं, बस, आधी पीठ तिंबू दे.
पाव निघाला. तिने तो पालथा केला,
माझ्या न्हाणीतल्या आरशासमोर धरला
आणि बोट फिरवत वाचायला लागली,
आधी लॅटिन, मग आमच्या भाषेत:
इथे थांबणाऱ्या, माझ्यासाठी एक...
पुढचं अक्षर आईच्या उलथन्याने केव्हाच झिजवलेलं.
प्रार्थना असेल, ती म्हणाली.
असेल.
पाव गरम होता, आम्ही लोणी लावलं.

दगडाचं अजून ठरलेलं नाही.

जाताना दार जोरात ओढा.
या हवेत ते फुगतं.